ट्रेनीसाहेब

जून लागला की कर्जत स्टेशनवर उतरणाऱ्या पाहुण्यांत तीन जाती चटकन ओळखू येतात. पाठीवर दोरखंड टाकलेला तो ढाकच्या बहिरीला निघालेला. बर्फाची पेटी सांभाळत उतरलेला तो फार्महाउसवर. आणि एका खांद्याला लॅपटॉप, दुसऱ्याला कागदांची लांब नळी अडकवून, पुलावर मधोमध थांबून वरच्या लोखंडी कैच्या न्याहाळत मागच्यांच्या शिव्या खाणारा तो तिसरा. तिसरा बहुधा आमच्याकडे येतो.

दहिवलीत आमच्या गच्चीवर एक खोली आहे. कर्जत-खालापूर पट्ट्यात भातानंतर सेकंड होमचं पीक आलं. त्यामागून आर्किटेक्टांची ऑफिसं आली आणि ऑफिसांमागून हे ट्रेनी. बी.आर्क.च्या पाच वर्षांत एक अख्खं सत्र ऑफिसात उमेदवारी करून काढावं लागतं. त्या काळात मुलगा घरापासून जितका लांब जाईल तितका शहाणा होऊन परततो, अशी समजूत आहे. म्हणून कर्जतची मुलं अहमदाबाद-पुद्दुचेरी गाठतात आणि जळगाव, सांगली, लातूरची कर्जत. आमच्या खोलीत सगळ्या दिशांचे राहून गेले. नावं निरनिराळी, नमुना एकच. यंदाचा लातूरचा आहे. त्याला पुढे करून सगळ्यांचंच सांगतो.

याच्या कमरेला पाच मीटरची टेप असते. आंघोळीला जाताना काढत असावा. खोली बघायला आला तेव्हा भाडं विचारण्याआधी त्याने जिना मोजला. “काका, तुमच्या बाकीच्या पायऱ्या साडेसहा इंचांच्या आहेत, तिसरी सव्वासात.” इतकी वर्षं त्या पायरीवर झाडून सगळे पाहुणे अडखळत आले आणि तो दोष आम्ही पाहुण्यांच्या खात्यावर टाकत आलो होतो. घर बांधणारा गवंडी आता हयात नाही, नाहीतर त्याची काही खैर नव्हती. मग ट्रेनीसाहेब स्वयंपाकघरात गेले. “काकू, तुमचं सर्क्युलेशन बरोबर नाही.” ही म्हणाली, “कालच तपासलंय मी. एकशे तीस-ऐंशी.”

बोलण्यात ‘स्पेस’ फार. आमचं अंगण ही स्पेस, ओटा ही ट्रान्झिशन स्पेस, आणि दुपारी मी ओट्यावर आडवा होतो तेव्हा ती स्पेस ॲक्टिव्हेट होते. साइटवर गेल्यावर आधी गप्प बसून साइटचं म्हणणं ऐकावं, असं त्याला कॉलेजात शिकवलंय. खालापुरातल्या साइटचं म्हणणं पावसाळ्यात एकच असतं, की बूट काढून हातात घे.

देव्हाऱ्यात लॉरी बेकर, चार्ल्स कोरिया, दोशी आणि नारी गांधी. दोशींना २०१८ साली प्रित्झकर मिळालं ते हा घरातल्याच कुणाला मिळाल्यासारखं सांगतो. त्यातही नारी गांधींचं वेड जास्त. अमेरिकेत फ्रँक लॉइड राइटकडे शिकून आलेला हा माणूस ड्रॉइंगच्या फंदात फारसा न पडता साइटवर कारागिरांबरोबर उभा राहून घरं उठवायचा. ही गोष्ट ट्रेनीने सुताराला मोठ्या भक्तिभावाने सांगितली. सुतार म्हणाला, “मग तुम्हीच का एवढी छापून आणता?”

कायद्याच्या दृष्टीने हा कोण आहे, ते एक कोडंच. १९७२ च्या आर्किटेक्ट्स ॲक्टचं ३७ वं कलम सांगतं, की कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणी स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घ्यायचं नाही. म्हणजे आर्किटेक्ट नाही. साइटवर त्याला सगळे इंजिनियर म्हणतात, सुरुवातीला तो एकेकाला थांबवून सांगायचा, “मी इंजिनियर नाही.” “मग कोण?” याला कलमात बसेल असं उत्तर नसल्यामुळे हळूहळू त्याने सांगणं सोडलं. मुकादमाने मधला मार्ग काढून त्याला ‘साहेब’ केला. आता स्लॅबवर चहा आला की पहिला कप साहेबांना, आणि पाण्याची मोटर बंद करायची असली की हाकही साहेबांनाच.

ऑफिस कुठलं ते सांगत नाही, सगळी सारखीच. आंब्याच्या बागेत मंगलोरी कौलांचं छप्पर, त्याखाली लाकडी माळा आणि माळ्याखाली एसी. सर शुक्रवारी मुंबईहून येतात, पडद्यावरच्या ड्रॉइंगकडे बघतात आणि “हं” म्हणतात. त्या ‘हं’चा अर्थ लावण्यात सगळ्यांचा शनिवार जातो. कॉलेजच्या चार वर्षांत या पोराने एक विमानतळ, एक संग्रहालय आणि नदीकाठचं एक सांस्कृतिक केंद्र उभं केलंय, अर्थात थर्मोकोलचं. इथे आल्याबरोबर त्याच्या हाती पडलं संडासाचं डिटेल. टाइल कुठून सुरू करायची, कापलेला तुकडा कुठल्या कोपऱ्यात दडवायचा, नानी ट्रॅपकडे उतार किती. महिनाभर तो एकाच संडासात होता. आईचा रात्री फोन यायचा, “काय करायलास रे बाळा?” तो म्हणायचा, “डिझाइन.”

स्टायपेंडचा आकडा त्याने मला सांगितलेला नाही, पण बिगाऱ्याला सांगितला. दुसऱ्या दिवसापासून बिगारी त्याला स्वतःच्या पैशाने वडापाव खाऊ घालायला लागला.

हा बिगारी नि त्याची बायको निघाली ट्रेनीच्याच जिल्ह्यातली, निलंग्याची. ‘पाऊस लई पडायलाय’ हे शब्द ट्रेनीला साइटवर पाठीमागून ऐकू आले आणि तो सेंट्रिंगच्या फळीवरून उडी मारून खाली आला. त्या दिवसापासून दुपारचा डबा त्या दोघांबरोबर. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गावाकडची चौकशी. अनुभव घ्यायला म्हणून पाच महिने घर सोडलेला एक, पोटासाठी बारा वर्षं घर सोडलेले दोघे, आणि तिघांचं कर्जतबद्दल एकमत, की इथल्या लोकांना तिखट कळत नाही.

पावसाबद्दल मात्र स्वतंत्र सांगायला हवं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं, तेव्हा हा शाळेत होता आणि घागर घेऊन रांगेत उभा राहिलेला आहे. त्याच्या जिल्ह्यात वर्षाला आठशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडे तीन हजारांच्या वर, आणि जुलैचा एखादा पंधरवडा एकटाच लातूरचं वर्ष भरून काढतो. पहिल्या झडीला तो गच्चीत भिजत उभा राहिला आणि पन्हळीतून वाया जाणारं पाणी बघून हळहळला. रात्री त्याने आमच्या घरासाठी पावसाचं पाणी साठवण्याची योजना काढली. चार दिवसांनी पाणी त्याच्या खोलीच्या स्लॅबमधून आपलं आपणच साठायला लागलं. मग योजनेचा कागद पातेल्याखाली अंथरला आणि आमच्यात वॉटरप्रूफिंगवर चर्चा सुरू झाली. त्याने मला सात थरांचं एक डिटेल काढून दिलं. आमच्याकडे अख्खा तालुका गच्चीवर पत्रा टाकतो. मी पत्रा टाकला. त्याने निळ्या पत्र्याकडे बघून काही न बोलता तोंड फिरवलं. पण त्या रात्री झोपला छान.

साइटवर पोचणं हा वेगळा विषय. खोपोलीकडची साइट असेल तर खोपोली लोकल; पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि शेवटी खोपोली. ही गाडी चुकली की पुढची येईपर्यंत एक मजला चढवून होतो. चौककडची साइट असेल तर चारफाट्यावरून मिनीडोअर. वाटेत एन. डी. स्टुडिओ लागतो. २००५ साली नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारलेला; ‘जोधा अकबर’साठी आग्र्याचा किल्ला इथेच उठला होता. आमचा सुतार त्या सेटवर काम केलेला. ट्रेनी बेडरूमच्या दाराच्या चौकटीचा तिसरा पर्याय घेऊन गेला की तो रंधा खाली ठेवतो आणि समोरच्या डोंगराला उद्देशून बोलतो, “तिथं आख्खा आग्रा केला प्लायवूडचा. इथं एक दार ठरंना.”

तर या चौककडच्या साइटची हकीकत. प्लॉट मुंबईच्या एका गृहस्थांचा. समोर इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच गडाखाली इर्शाळवाडी गाडली गेली. तेव्हापासून इथे उतार कापायचा म्हटला की जेसीबीवालासुद्धा आधी मान वर करून बघतो. गृहस्थांनी मात्र व्ह्यू बघितला. व्ह्यू मोकळा होण्यासाठी मागची टेकडी थोडी ‘आत सरकवता’ येईल का, असं त्यांनी विचारलं. सर बोलायच्या आत ट्रेनी म्हणाला, “नाही.” एवढ्या सत्रात त्याने क्लायंटसमोर उच्चारलेला हा पहिला शब्द. टेकडी राहिली. माझ्या मते त्याचा स्टायपेंड त्या एका शब्दात फिटला.

गृहस्थांना घर ‘अस्सल इथलं’ हवं होतं. बैठकीच्या बाहेर पडवी आणि पडवीला कारवीचा कुड. कुड विणणारा माणूस शोधायला ट्रेनीला पिटाळलं. तो चिखल तुडवत एका कातकरवाडीवर पोचला. वाडीत कुडाची तीन-चार घरं उरली होती. त्याने वही उघडली आणि हरखून एकेक सांधा चितारायला बसला. कारवीच्या काठ्या कशा उभ्या रोवल्यात, आडवी बांधणी कुठे, सारवण किती जाड. एक म्हातारा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “काढतोस कशाला? पाडायचंय ते.” त्याचं घरकुल मंजूर झालं होतं. दर वर्षी कुड सारवायचा कोणी, दिवाळी झाली की पोरंसुना वीटभट्टीवर. त्याला विटा हव्या होत्या, वर स्लॅब, आणि जमलं तर बंगल्याला असतात तशा काचेच्या सरकत्या खिडक्या.

कुड विणायला म्हातारा तयार झाला. गृहस्थांनी तीन अटी घातल्या, वाळवी लागता कामा नये, पाणी आत येता कामा नये आणि शेणाचा वास येता कामा नये. तेव्हा सरांनी तोडगा काढला, की आत सिमेंटच्या ब्लॉकची भिंत उभी करायची आणि तिला बाहेरून कुड लावायचा. म्हातारा आला, पक्की भिंत बघितली, कुडाचं माप घेतलं आणि ट्रेनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “भित उभी हाय की. मग कुड कशापायी?” ट्रेनीने ‘टेक्स्चर’ या विषयावर दहा मिनिटं समजावलं. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मजुरी थोडी वाढवून मागितली.

मग म्हातारा म्हणाला, “माझ्याबी घराचा नकाशा काढ.”

घरकुलाचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. ट्रेनीने आकडा वहीत लिहिला आणि थोडा वेळ पेन्सिल चावत बसला. गृहस्थांच्या मास्टर बेडरूमचं न्हाणीघर, ड्रेसिंग धरून, याहून थोडं मोठं होतं. त्यातली टाइलन् टाइल त्याला पाठ होती. त्या रात्री गच्चीवरचा दिवा फार उशिरापर्यंत चालू राहिला. विमानतळ चार खुणांत बसवणारा मुलगा एका चुलीची जागा ठरवू शकत नव्हता. म्हाताऱ्याच्या मागण्या थोड्याच: पाऊस आत न येता चूल पेटली पाहिजे, कोंबड्या झाकता आल्या पाहिजेत, आणि बाहेर बसायला पडवी. पडवी २६९ मध्ये बसेना. त्याने सात पर्याय काढले. सातही म्हाताऱ्याला दाखवले. म्हाताऱ्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला, आणि मग काठीने जमिनीवर रेघ ओढून दाखवलं, की दार या बाजूला घेतलं तर छपराची कड पुढे काढता येते आणि पडवी फुकटात मिळते. ट्रेनीने तो आठवा पर्याय म्हणून नोंदवला.

शुक्रवारी सर आले. पडद्यावर संडासाऐवजी घरकुल. “हं,” म्हणाले. पण पुढे सरकले नाहीत. खुर्ची ओढून बसले, पेन्सिल मागितली आणि चूल फूटभर सरकवली. मग उतार कुठे, पन्हळीचं पाणी कुठे पडणार यावर दोघांचं भांडण जुंपलं. एवढ्यात गृहस्थांचा फोन. कुडाला वास येतोय अशी तक्रार. सरांनी फोन उचलून सांगितलं, “साइटवर आहे, रेंज नाही,” आणि ठेवून दिला.

घरकुलाची फक्की निलंगेकराने एका सुट्टीच्या दिवशी जाऊन मारली. ट्रेनी टेप धरून उभा. कॉलेजच्या लॉगबुकात ‘हाताळलेले प्रकल्प’ या रकान्यात त्याने बंगला लिहिला, घरकुल लिहिलं नाही. ऑफिसच्या कामांच्या यादीत ते नव्हतं. फी मात्र मिळाली. म्हाताऱ्याने पिशवीभर जिवंत चिंबोऱ्या दिल्या. ट्रेनी लातूरच्या लिंगायताचा मुलगा, अंड्यालासुद्धा न शिवणारा. पिशवी हातभर लांब धरून तो मिनीडोअरमधून आला, जिना चढताना तिसऱ्या पायरीवर अडखळला आणि ती हिच्या हाती देऊन खोलीत पळाला.

आम्ही कालवण केलं, त्याने पिठलं खाल्लं. हात धुताना ही म्हणाली, “पुढल्या वर्षीही लातूरचाच बघा. आणि शाकाहारीच.”