संतापाची सुधारित लागवड
(तालुका वार्ताहर व होतकरू अँकर यांच्यासाठी मार्गदर्शक पत्रक)

जमीन

पुणे-नाशिक रस्त्यावर खेडचा घाट चढून आलं की पेठ लागतं. हे सातगाव पठार. इथला पावसाळी बटाटा प्रसिद्ध आहे. जूनच्या पावसावर लावायचा, दसऱ्याच्या आगेमागे काढायचा. बराचसा माल वेफर्सवाल्या कंपन्यांकडे करारानं जातो. नव्या वार्ताहरानं इथं चहा अवश्य घ्यावा, पण बूम गाडीतच ठेवावा. बटाट्याचा भाव चढला तरी माणूस वडापाव खातो आणि पडला तरी खातो. बटाट्यावरून कुणी कुणाचा राजीनामा मागत नाही. संतापाच्या दृष्टीनं ही जमीन पडीक समजावी आणि थेट अवसरीचा घाट उतरावा. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा हा पट्टा मात्र सोन्यासारखा आहे.

वाण

कांदा हा जुना आणि खात्रीचा वाण. 1998 साली दिल्लीतल्या भाजप सरकारच्या पराभवाचं श्रेय त्याच्याकडे जातं, त्यामुळे नुसतं नाव घेतलं तरी मंत्रालयात खुर्च्या सरकतात. टोमॅटो हा लवकर येणारा वाण, आठवड्याभरात लाल होतो. बिबट्याचं जोडपीक बारमाही आहे, त्याबद्दल पुढे.

पेरणीची वेळ

इथं बहुतेक नवशिके फसतात. नियम साधा आहे: भाव चढताना पेरावं, पडताना रान रिकामं ठेवावं.

2023 चंच उदाहरण घ्या. त्या मे महिन्यात टोमॅटोला किलोमागे दोन-तीन रुपये मिळत होते. तोडणीची मजुरी सुटत नव्हती. कुणी माल रस्त्याकडेला ओतला, कुणी उभ्या प्लॉटमध्ये मेंढरं सोडली. ही बातमी नव्हे. फार तर तीस सेकंदांचं दृश्य, तेही क्रिकेट लवकर संपलं तर. ज्यांनी प्लॉट मोडले त्यांचा माल जुलैत बाजारात येणार कुठून, हा हिशेब कुठलाही शेतकरी मे महिन्यातच सांगू शकला असता. म्हणून त्याला मे महिन्यात विचारू नये.

जुलै उजाडला. पुण्यामुंबईत टोमॅटो किलोला शंभरच्या वर गेला आणि वाफसा आला. आता भाजीच्या गाडीवर जावं, पिशवी घेतलेल्या ताई गाठाव्यात आणि विचारावं, ‘किती त्रास होतोय?’ त्रास होतोय का, असं विचारू नये. ‘का’ विचारलं की माणूस विचार करतो, आणि विचार केला की बाईट लांबतो.

दोन ओळींतलं अंतर

शहरातला भाव किलोवर सांगावा, नारायणगावचा क्रेटवर. क्रेटमध्ये 20 किलो माल असतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ‘एका क्रेटला दोन हजार’ ऐकून भोवळ येते. भागाकार करू देऊ नये. दोन आकडे एकाच पडद्यावर आले, तर मधल्या पैशांचं काय झालं असा प्रश्न उगवतो. ते तण आहे.

खत

2023 च्या त्याच जुलैत जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं महिनाभरात टोमॅटोचे दीड कोटी केले, अशी बातमी देशभर गेली. इतकं कसदार खत पुन्हा मिळणार नाही. ‘टोमॅटोनं केलं कोट्यधीश’ ही ओळ सकाळी, दुपारी, रात्री द्यावी. दोन फायदे होतात. शहरातल्या माणसाला वाटतं की आपल्या कोशिंबिरीतून कुणीतरी बंगला बांधतोय. आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला, ज्यानं मे महिन्यात टोमॅटो उपटून टाकले, त्याला आपलंच नशीब फुटकं वाटतं. एका पोत्यात दोन्हीकडची उगवण.

खत लागू पडल्याची खूण म्हणजे सरकार हलतं. 14 जुलैपासून दिल्लीत 90 रुपये किलोनं सरकारी टोमॅटो विकायला आला. ऑगस्टमध्ये नेपाळहून आयातीची घोषणा झाली. 19 ऑगस्टला कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क बसलं आणि डिसेंबरात निर्यातच बंद झाली, ती थेट मे 2024 पर्यंत. इकडे 2023 च्या सप्टेंबरातच टोमॅटो पुन्हा मातीमोल झाला होता; त्या वेळी आपली गाडी कुठं होती, हे विचारण्याची प्रथा नाही. कांद्यावरचं शुल्क पुरतं उठायला 1 एप्रिल 2025 उजाडलं. ताईंचा राग एका संध्याकाळचा होता. बराखीतल्या कांद्याला तो दीड वर्षाहून जास्त पुरला.

फवारणी

भाव चढलेला नसेल तर काय करावं? भीती फवारावी. मे 2020 मध्ये लोक घरात कोंडलेले, टीव्ही अखंड चालू. नगर-पुण्याच्या टोमॅटोवर विषाणूजन्य रोग पडला होता. फळाचा रंग बिघडायचा म्हणून शेतकरी त्याला ‘तिरंगा’ म्हणत. झाडाचा विषाणू माणसाला होत नाही, हे कृषी खात्यानं आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं. पण तोवर हिंदी पडद्यावर टोमॅटो कोरोनाहून भयंकर ठरला होता. गिऱ्हाईक बिचकलं, भाव कोसळला, शेतकरी संघटना वाहिनीवर गुन्हा दाखल करा म्हणत राहिल्या. फवारणी करताना वाऱ्याची दिशा पाहावी, असं आम्ही नेहमी सांगतो. वारा शेतकऱ्याकडेच जात असेल तर हरकत नाही.

जोडपीक: बिबट्या

डिंभे-कुकडीचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. आताचे कित्येक बिबटे त्या उसातच जन्मले आहेत. ही माहिती संतापाला मारक आहे. तिच्याऐवजी ‘जंगलातून घुसला’ असं म्हणावं.

2001 च्या सुमारास जुन्नर वनविभागात असा दबाव होता: पकडा आणि न्या. वनखात्यानं पिंजरे लावले. वस्तीजवळ धरलेले 29 बिबटे सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात सोडले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे, 2011 मध्ये, याचा हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, ते या उपद्व्यापानंतर 17 वर गेले. राग पिंजरा मागतो, पिंजरा दुसऱ्या गावाला राग देतो. याला आमच्या धंद्यात फेरपालट म्हणतात. पिंजऱ्यात सापडलेला तोच होता का, एवढं मात्र विचारू नये. गर्दी जमलेली असते, वरात काढून घ्यावी.

एक गोष्ट पत्रकात बसत नाही, तरी लिहितो. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड भागात बिबट्याच्या हल्ल्यात लहान मुलं गेली, एक म्हातारी गेली आणि लोकांनी मंचरला महामार्ग अडवून धरला. तो राग कुणी पेरलेला नव्हता. ज्यांच्या घरचं मूल गेलं त्यांना वाहिनीची गरज नव्हती. वाहिन्यांनी काय केलं, तर त्या रागाला दोन तोंडं दिली: एका खिडकीत रडणारं गाव, दुसऱ्या खिडकीत शहरातले प्राणिप्रेमी, मध्ये अँकर. रात्रीची वीज, शाळेची वाट, उसाला टेकलेलं घर या गोष्टींना खिडकी उरली नाही. पाठोपाठ मोबाईलवर बनवलेले बिबटे सोसायट्यांच्या गेटवर हिंडू लागले. खोट्या चित्रांवर कारवाई करू, असं वनखात्याला बजावावं लागलं.

कीड व रोग

मुंबईत 2011 पासून एक रोग आढळतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मोहिमेत वनखातं, संशोधक आणि चक्क पत्रकार एकत्र बसले, कार्यशाळा घेतल्या. हळूहळू काही पत्रकार बिबट्या दिसला तर काय करावं, ओरडत मागे का लागू नये, हे छापू लागले. पिकाचं मोठं नुकसान झालं. हा रोग घाट चढून येणार नाही याची दक्षता घ्यावी.

त्याहून चिवट कीड म्हणजे पट्टी दाखवणारा शेतकरी. लाइव्ह चालू असताना हा बंडीच्या खिशातून विक्रीच्या हिशेबाची घडी घातलेली पट्टी काढतो. वजन, दर, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि तळाशी हाती आलेला आकडा. बोट ठेवून एकेक ओळ वाचतो. वाचून झाली की मागच्या वर्षीची काढतो, तीही त्याच्याकडे असते. आरडाओरडा करत नाही, कुणाचा राजीनामा मागत नाही. वर आपल्यालाच विचारतो, ‘दादा, हे पण दाखवणार ना?’

उपाय: कानातल्या यंत्राला बोट लावावं, मान हलवावी आणि म्हणावं, ‘आपल्याकडे वेळ कमी आहे, आपण पुन्हा स्टुडिओत जाऊया.’