टेबलावरची कचरापेटी

सोसायटीतल्या ज्येष्ठांना कॉम्प्युटर शिकवायचं पुण्यकर्म मी अंगावर घेतलं, तेव्हा भाची म्हणाली, "मामा, शिकवायचंय काय त्यात? सगळं इंट्यूटिव्ह असतं." इंट्यूटिव्ह म्हणजे न शिकता येणारं. ज्याला आधीच येतं, त्याला.

पहिले विद्यार्थी शेजारचे काका. जिल्हा कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये 34 वर्षं काढलेले. मी म्हणालो, "काका, माऊस वर न्या." त्यांनी नेला. टेबलापासून चांगला वीतभर वर. हसू नका. टेबल आडवं, पडदा उभा. टेबलावर 'वर' नावाची दिशाच नसते, 'पुढे' असते. मग पुढे नेता नेता माऊस टेबलाच्या कडेला येऊन थांबला आणि बाण पडद्याच्या मध्यावरच. "आता टेबल वाढवायचं का रे?" माऊस उचलून मागे ठेवायचा असतो हे मला कधी, कुणी शिकवलं, ते काही केल्या आठवेना. पहिला माऊस 1964 साली संशोधक एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत लाकडाचा घडवला होता. निदान तिथल्या सुताराला तरी टेबलाची कड दिसायला हवी होती.

मग डबल-क्लिक. दोन टिचक्या अर्ध्या सेकंदाच्या आत पडल्या पाहिजेत, विंडोजची मूळ मुदत तेवढीच. काकांच्या खात्यात सात दिवसांच्या आतली मुदतच नसे. दुसऱ्या टिचकीला हात हलायचा आणि चित्र घसरत भलतीकडे. "एकदा कुठे दाबायचं आणि दोनदा कुठे?" "सवयीनं कळतं," मी म्हणालो. माहीत नाही म्हणण्याची ही मास्तरी पद्धत.

बंद करायलाही 'स्टार्ट'च दाबायचं, ही विंडोज 95 पासूनची वहिवाट सांगताना मी जरा ओशाळलो. काका शांत. काम बंद पाडायचं तर आधी ते समारंभपूर्वक सुरू करावं लागतं, हे त्यांनी नोकरीभर पाहिलेलं.

गाडी अडली ती डेस्कटॉपवर. झेरॉक्सच्या 'स्टार' यंत्रानं 1981 मध्ये अमेरिकन ऑफिस पडद्यावर मांडलं: टेबल, कागद, फोल्डर. ॲपलच्या 'लिसा'मध्ये 1983 साली कचरापेटीही होती. अमेरिकेतल्या साहेबाला हे टेबल बघताक्षणी ओळखीचं वाटलं असेल, ते त्याचंच होतं. काकांनी चष्मा पुसला. "टेबलाच्या वर कचरापेटी? आमची खाली असायची. आणि टाकलेली फाइल परत मिळते? आमच्याकडे नष्ट करायची म्हटली तरी आधी यादीवर साहेबाची सही लागे."

"आणि फोल्डरमध्ये फोल्डर म्हणजे काय? नस्तीत नस्ती?"

तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा माझा आवाज चढला, जणू इंग्रजी शब्द मोठ्यानं उच्चारला की मराठी होतो. शेवटी पुण्याचं पेशवे दप्तर आठवलं. तिथले मोडी कागद रुमालांत बांधून ठेवलेत. म्हटलं, "काका, फोल्डर म्हणजे रुमाल. इथं रुमालात रुमाल बांधता येतो."

"मग असं सांग ना!"

पंधरा मिनिटांत त्यांनी जिल्ह्याचा रुमाल, त्यात तालुक्यांचे, त्यात गावांचे असे रुमाल बांधले. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर 'न्यू फोल्डर 7' पर्यंत मजल गेली आहे आणि कशात काय आहे ते देव जाणे.

भाची कौतुकानं बघत होती. काकांनी तिला सेव्हच्या खुणेवर बोट ठेवून विचारलं, "हे कशाचं चित्र?" "सेव्हचं." "अगं, पण वस्तू कोणती?" ती गप्प. "फ्लॉपी," काका म्हणाले. "दीड एमबीसुद्धा मावत नसे." इंट्यूटिव्ह निघालेली वस्तू एवढी एकच, आणि ती काकांना.

शेवटी ते सोसायटीला पाण्याच्या तक्रारीचं पत्र टाइप करत बसले. तासाभरानं मी पाठीमागून डोकावलो, तर पडद्यावर प्रश्न होता, बदल सेव्ह करायचे का? काका म्हणाले, "कसले बदल? मी जसं लिहिलं तसंच आहे." मला वाटलं, जुनं काही उघडून वाचत असतील. म्हटलं, "मग 'नको' दाबा."

पत्र गेलं. कचरापेटीतही सापडेना.

मी कपाळाला हात लावला. काकांनी शर्टाच्या खिशातून चौपदरी घडी काढली. निळ्या शाईतलं तेच पत्र, खाली 'स्थळप्रत' असं लिहिलेलं. "चल," खुर्ची पुढे ओढत ते म्हणाले, "मी वाचतो, तू टाइप कर."