शिवाशीव

मराठीत ‘शिवणे’ या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, आणि जगातल्या बड्या कपडा कंपन्यांचा सगळा व्यवहार त्या दोन अर्थांच्या मधल्या फटीत चालतो. कपडा कुणीतरी शिवतं. त्या शिवणाऱ्याला मात्र कंपनी शिवत नाही. मधे एजंट असतो, एजंटाखाली कारखानदार, कारखानदाराखाली ठेकेदार आणि ठेकेदाराच्या हाताखाली मशीनवर वाकलेली बाई. जुन्या सोवळ्यात पैशाला विटाळ नसे, तसा तो नव्यातही नाही. नफा या पायऱ्या धडाधड चढून वर येतो. जबाबदारी तेवढी खाली ओसरीवर थांबते, आणि कधी वर यायची वेळ आलीच तर तिला आधी आंघोळ घालतात. या आंघोळीला हल्ली सोशल ऑडिट म्हणतात.

ही आंघोळ किती कडक असते ते पाहायला कराचीच्या बल्दिया टाउनमध्ये जावं लागेल. तिथल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे कामगारांची सुरक्षितता, कामाचे तास, वेतन, सगळं आंतरराष्ट्रीय दर्जाचं. मानक न्यूयॉर्कच्या संस्थेचं, प्रमाणपत्र देणारी कंपनी इटलीची, आणि प्रत्यक्ष पाहणी तिनं दुसऱ्याच एका स्थानिक कंपनीकडे सोपवलेली. म्हणजे शुद्धीकरणाचाही ठेका पोटठेकेदाराला! ११ सप्टेंबरला कारखान्याला आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज होते, बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. अडीचशेहून जास्त माणसं आत मेली. कारखान्याचा बहुतांश माल जर्मनीच्या ‘किक’ या स्वस्त कपड्यांच्या दुकानसाखळीकडे जायचा. तिथं शिवल्या जाणाऱ्या जीन्सच्या ब्रँडचं नाव होतं ‘ओके’. आणि ‘किक’ या नावाची जर्मन अक्षरं ज्या वाक्यातून घेतली आहेत त्याचा अर्थ ‘ग्राहक राजा आहे’. बाकीच्यांचं काय, ते नावात बसत नाही.

आता यावर पहिला आक्षेप हमखास येतो, की ती आग लावलेली होती, त्यात खरेदीदाराचा काय दोष? पाकिस्तानी न्यायालयानं २०२० मध्ये खंडणीसाठी आग लावल्याबद्दल दोघांना फाशीची शिक्षा सुनावली, हे खरंच आहे. पण आग लावणाऱ्यानं खिडक्यांना गज बसवले नव्हते. आग कुणीही लावली, तरी माणसं बाहेर का पडू शकली नाहीत, हा प्रश्न वेगळा उरतो, आणि प्रमाणपत्र त्याच प्रश्नाचं उत्तर म्हणून दिलेलं होतं. दुसरा आक्षेप जास्त पोक्त आहे: कारखाना आमचा नाही, देश आमचा नाही, तिथलं सरकार झोपा काढतं, मग आम्ही कुठं कुठं बघायचं? सरकार झोपा काढतं, यात वाद नाही. किंबहुना त्या झोपेचा हिशेब शर्टाच्या भावात आधीच धरलेला असतो. राहिला प्रश्न बघण्याचा. खरेदीदार इंचाला किती टाके पडले ते मोजतो, दोन बटणांतलं अंतर पट्टी लावून बघतो, धुतल्यावर रंग किती उतरतो त्याची चाचणी घेतो, आणि माल आठ दिवस उशिरा आला तर पैसे कापतो. इतकी तीक्ष्ण नजर ऐन दरवाज्यापाशी आली की तिला मोतीबिंदू होतो, यावर विश्वास ठेवायला फार मोठं मन लागेल.

हा मोतीबिंदू काढायला कायदे झाले नाहीत असं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये ३१ मार्गदर्शक तत्त्वं मंजूर केली. त्यांत मानवी हक्कांचं रक्षण हे सरकारांचं ‘कर्तव्य’ ठरलं आणि कंपन्यांवर आली ती हक्कांचा आदर राखण्याची ‘जबाबदारी’. शब्द मुद्दाम वेगळे आहेत. आदर राखायला काय, नमस्कारही पुरतो. ब्रिटनच्या २०१५ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्यानं तर कमाल केली. मोठ्या कंपनीनं गुलामगिरी रोखायला काय केलं याचं निवेदन दरवर्षी द्यायचं, आणि काहीच केलं नसेल तर ‘काहीच केलं नाही’ असं निवेदन दिलं तरी ते कायद्याला चालतं. जर्मनीचा पुरवठा साखळीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. त्यात कर्तव्यांची भली मोठी यादी आहे आणि ती मोडल्यानं भरपाईचं नवं दिवाणी दायित्व येत नाही, हेही तिथंच लिहून ठेवलं आहे. त्याआधी कराचीच्या आगीतून वाचलेला एक कामगार आणि तीन मृतांचे नातेवाईक डॉर्टमुंडच्या न्यायालयात गेले होते, माणशी ३०,००० युरो मागायला. न्यायालयानं पाकिस्तानी कायदा लावला, मुदत टळल्याचं सांगितलं आणि २०१९ मध्ये दावा फेटाळला. दरवाजा कुणी पाहायला हवा होता, यावर निवाडा झालाच नाही. ‘किक’नं २०१६ मध्ये ५१.५ लाख डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, हे सांगायलाच हवं; पण ती रक्कम समझोत्याची होती, आणि समझोत्याला विटाळ नसतो.

मग विटाळ होतो कशानं? २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावरमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि १,१३४ माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते. खालच्या बँकेनं आपल्या शाखेतली माणसं घरी पाठवली, दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र सकाळी कामावर बोलावलं. बँकेची माणसं बँकेची होती. वरची माणसं ज्यांचे कपडे शिवत होती त्यांची नव्हती. त्या वरच्या कारखान्यांतही ऑडिटर येऊन गेलेले होते. पुढच्याच महिन्यात कामगार संघटना आणि कंपन्या यांच्यात ‘अकॉर्ड’ हा करार झाला, आणि त्यात प्रथमच सही करणाऱ्या कंपनीला पेचात धरायची सोय होती: दुरुस्तीला पैसा लागला तर तो उभा राहील असं बघायचं, नाहीतर लवादापुढे यायचं. काही अमेरिकी कंपन्यांनी दायित्वाच्या भीतीनं सही टाळली, यावरूनच करारात दम होता हे कळतं. १,६०० हून अधिक कारखान्यांची तपासणी झाली, कुलपं लागणारी सरकती फाटकं निघाली, आगीला टिकणारे दरवाजे बसले. एवढं केलं तर धंदा दुसऱ्या देशात पळेल आणि बाया बेकार होतील, असं भाकीत होतं. बांगलादेशची कपड्यांची निर्यात २०१२-१३ मध्ये सुमारे २१ अब्ज डॉलर होती, ती २०१८-१९ मध्ये ३४ अब्जांवर गेली. एका जागतिक ब्रँडनं दुरुस्त्यांत चालढकल केली तेव्हा प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि २०१८ च्या जानेवारीत त्या ब्रँडनं २३ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. ब्रँड कुठला, हे गुप्त ठेवायचं ठरलं. तेवढं सोवळं अजून शिल्लक आहे.

हाच करार पाकिस्तानात पोचायला २०२३ साल उजाडलं. बल्दिया टाउनच्या आगीला तोवर दहा वर्षं उलटून गेली होती. प्रमाणपत्र मात्र काही आठवडे आधीच पोचलं होतं.