मुक्काम पोस्ट दौलताबाद

जिथं सगळ्यांची सहल येऊन संपते, त्या गावात राहणाऱ्या माणसानं लांब पल्ल्याच्या प्रवासाची मोटारसायकल घेऊ नये. हे मला गाडी घेतल्यावर आठ दिवसांनी कळलं. सकाळी सहाला गाडी काढली, जॅकेट चढवलं, हेल्मेट घातलं आणि फाटकाशी येऊन थांबलो. जायचं कुठं? सोलापूरहून, नाशिकहून, पार जपानहून माणसं जिथं यायला निघतात, तिथं तर मी नुकताच झोपून उठलो होतो. किल्ला घरामागं. वेरूळ म्हणजे घाट चढायचा आणि पलीकडं उतरायचं. शेवटी म्हैसमाळला गेलो, चहा प्यायलो आणि पावणेआठला परत घरी. बायको म्हणाली, "काही विसरलात का?"

गाडी स्पोर्ट टूरिंग जातीची आहे. कंपनीचं नाव सांगत नाही. पुढं जे काही रामायण येणार आहे त्यात कंपनीचा दोष नाही. या जातीत इंजिन रेसच्या गाडीच्या गोत्रातलं असतं, पण हँडल कंबरेची दया येऊन जरा उंच बसवलेलं असतं. पुढं वाऱ्याला काच, अंगाला फेअरिंग नावाचं प्लास्टिकचं कवच, मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या. बीएमडब्ल्यूनं 1976 साली आर 100 आरएस काढली, तेव्हा तिचं कवच इटलीत पिनिनफरिनाच्या वाऱ्याच्या बोगद्यात तपासून तपासून घडवलं होतं. जर्मन माणसानं दिवसभर सुसाट जावं आणि संध्याकाळी उतरल्यावर ताठ उभं राहावं, हा हेतू. आमच्याकडं बोगदा म्हणजे किल्ल्याच्या बाहेरच्या तटातली वेस. खुलताबादचा सगळा रस्ता तिच्यातून जातो आणि एक मोठी गाडी आत शिरली की दुसरीनं बाहेर उभं राहायचं. मे महिन्यातल्या रविवारी मी तिथं सहलीच्या नाही तर लग्नाच्या बसमागं उभा असतो. मग रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि त्या शास्त्रशुद्ध कवचातून गरम हवा शास्त्रशुद्धपणे माझ्या मांड्यांवर येते. वारा अडवायचा ठीक आहे, पण आधी तो सुटायला तर हवा!

बरं, रस्ता नाही असंही नाही. महाराष्ट्रातला सगळ्यात झकास रस्ता आमच्या शेजारून, माळीवाड्यावरून गेलाय. नागपूर ते मुंबई, 701 किलोमीटर समृद्धी महामार्ग. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, 5 जून 2025 ला सगळाच. काम चालू होतं तेव्हा मी मुंज झालेल्या मुलानं मुली बघाव्यात तसा संध्याकाळी जाऊन तो रस्ता बघून येत असे. रस्ता झाला आणि पाटी लागली : दुचाकींना प्रवेश नाही. बंदी योग्य आहे, मी वाद घालत नाही. पण शेजाऱ्याच्या दारात मांडव पडावा आणि आपल्याला पत्रिका नसावी, तसं होतं खरं.

गावानं गाडीचं स्वागत केलं. किल्ल्यापाशी सीताफळं घेऊन बसणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी विचारलं, "कितीला पडली?" मी अर्धीच किंमत सांगितली. त्यावरही त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं. मग दुसरा प्रश्न, जो या देशात देवाच्या वाहनालाही चुकणार नाही : "ॲव्हरेज काय देती?"

"बावीस."

मावशी कळवळल्या. "मंग ट्रॅक्टर काय वाईट होता?"

तेव्हापासून मी गावात हेल्मेटची काच खाली ठेवतो. ॲव्हरेज न विचारणारी माणसं वर्षातून एकदाच भेटतात. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री संभाजीनगरहून लोकांचे लोंढे भद्रा मारुतीला पायी निघतात आणि रात्रभर आमच्या वेशीतून जात असतात. गाडी काढायचा प्रश्नच नसतो. ओट्यावर पाण्याचे जार ठेवून मी बसतो. अनवाणी पोरं येतात, पाणी पितात, झाकलेल्या गाडीकडं बघतात आणि काही न विचारता घाटाकडं चालू लागतात. चालणाऱ्यानं कुणाला ॲव्हरेज विचारू नये, हे त्यांना न शिकवता कळतं.

आमच्या घरात गाड्यांचं खरं ज्ञान अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना. वाळूजला बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन 9 नोव्हेंबर 1985 ला राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते झालं. पुढं अण्णा तिथं लागले आणि निवृत्त होईपर्यंत सकाळच्या पाळीची बस त्यांनी चुकवली नाही. त्यांची स्वतःची गाडी एम-80. पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचं, निळसर धूर सोडत निघायचं. बंद पडली की पान्यानं प्लग काढायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, त्यावर फुंकर मारायची आणि परत लावायचा. एवढंच मेंटेनन्स. ती फुंकर मला अजून आठवते. त्यात थोडी देवपूजा होती.

माझ्या गाडीचा प्लग मी पहिली दोन वर्षं बघितलाच नव्हता. एका दिवाळीच्या सुट्टीत म्हटलं, बघूच. अण्णा खाट टाकून समोर बसले.

आता आमचा हा देवगिरीचा किल्ला ज्यानं बघितलाय त्याला हे काम समजावून सांगावं लागणार नाही. बाहेरचा तट ओलांडला की महाकोट, महाकोट ओलांडला की कालाकोट, मग खंदक, मग ती काळोखी वाट, अंधारी, आणि अंधारीतून वर आलात तरी अजून जिने आहेतच. तशी आधी सीट काढायची. सीटखाली दोन बोल्ट. ते काढले की बाजूचं कवच सुटेल असं वाटतं, सुटत नाही, कारण तिसरा बोल्ट टाकीच्या रबराआड आहे. तो सापडला की प्लास्टिकची टिचकी बटणं लागतात, जी दाबली तर उघडतात का ओढली तर, हे एक तुटल्याशिवाय कळत नाही. मग टाकी उचलायची, तिच्याखाली एअर फिल्टरचा डबा, त्याच्याखाली कॉइल आणि त्याच्याखाली, खोल विहिरीत, प्लग. प्रत्येक बोल्टची लांबी वेगळी. म्हणून बायकोचा जुना मसाल्याचा डबा घेतला आणि त्याच्या सात वाट्यांत बोल्ट क्रमानं मांडले. एका वाटीत मोहरीचे चार दाणे राहिले होते, ते मी आदरानं तसेच ठेवले.

दर अर्ध्या तासानं खाटेवरून प्रश्न येई, "प्लग दिसला?"

संध्याकाळी दिसला. कोरा करकरीत होता, घासायची काही गरजच नव्हती. सगळं परत बसवायला दुसरा दिवस गेला आणि शेवटी डब्यात एक बोल्ट शिल्लक राहिला. तो मी अण्णांच्या नजरेआड खिशात घातला. अजून आहे, देव्हाऱ्याच्या खणात.

चेनचं तसं नाही, ती उघड्यावर असते. पाचशे किलोमीटर झाले की मागचं चाक पॅडॉक स्टँडवर उचलायचं, जुन्या टूथब्रशनं एकेक कडी घासायची, फडक्यानं कोरडी करायची आणि आतल्या बाजूनं ल्यूब मारायचं. चाक हातानंच फिरवायचं. इंजिन चालू करून फिरवणाऱ्यांची बोटं गेलेली आहेत. आमच्या लहानपणी रेशनचं रॉकेल घरात असायचं. आता चेन धुवायला बाटलीतलं क्लीनर घ्यावं लागतं आणि ते सांगताना अण्णांसमोर आवाज खाली करावा लागतो. पण मला हे काम आवडतं. काळ्या चिकट थराखालून कडीचा पितळी रंग वर येतो तेव्हा भांडी घासणाऱ्या बाईला जे वाटत असेल ते वाटतं. अडचण निराळीच आहे. या गाडीचं सर्व्हिसिंग पुण्याला. येऊन-जाऊन अंतर पाचशेच्या घरात. म्हणजे चेन स्वच्छ करून मी गाडी पुण्याला नेतो, आणि घरी परत आल्या आल्या पुन्हा चेन स्वच्छ करायची वेळ झालेली असते.

त्यानंतरच्या पावसाळ्यात एक दिवस बटण दाबलं तर नुसतं टिक्. समोरच्या पडद्यावर मात्र होते नव्हते ते सगळे दिवे लागले, गणपतीच्या मखरासारखे. पुण्याला गाडी न्यायची तर आधी ती चालू व्हायला हवी. छावणीतल्या चाचांना बोलावलं. चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस. संगणक न लावता गाडीशी बोलतो. त्यांनी सीट उचलली, टॉर्च मारला, आणि खूप वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहब, यहाँ तो पूरा खानदान बसा हुआ है."

एअर फिल्टरच्या डब्याशेजारी शेंगांची टरफलं, बाजरीचे दाणे, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, माझ्याच हातमोज्याचा अंगठा. आणि वायरिंगचा जुडगा दोन जागी असा सोललेला की आतली तांब्याची तार चकाकत होती. चाचांनी प्रत्येक तार जोडून, टेप गुंडाळून, मला उंदीर या विषयावर व्याख्यान दिलं. उंदराचे दात वाढतच राहतात, म्हणून त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं. भुकेचा संबंध नाही. "शौक समझो," चाचा म्हणाले.

आता इथं मला गावाची बाजू घ्यावीशी वाटते, कारण आमचे उंदीर साधे नाहीत, त्यांचा उल्लेख इतिहासात आहे. चौदाव्या शतकात मोरोक्कोचा इब्न बतूता इथं येऊन गेला. त्यानं लिहून ठेवलंय की या किल्ल्याच्या कोठड्यांत मांजरांहून मोठे उंदीर आहेत आणि त्यांना बघून मांजरंच पळून जातात. मलिक खत्ताब नावाचा अफगाण सरदार त्या उंदरांच्या खंदकात कैदेत होता. रात्री उंदीर अंगावर चालून यायचे, तो त्यांच्याशी झुंजत बसायचा. शेजारच्या कैद्याला उंदरांनी खाल्लं, तेव्हा कुठं सुलतानानं याला बाहेर काढलं. हा मजकूर मी चाचांना वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे टेप तोडला आणि म्हणाले, "बिल्ली पालो."

"पण तो म्हणतो मांजरं पळतात."

"वो पुराना जमाना था."

त्याच बतूतानं आमच्या रस्त्याबद्दलही लिहिलंय, आणि तो भाग मी पुनःपुन्हा वाचतो. महंमद तुघलकानं 1327 साली दिल्लीची राजधानी इथं आणली. दिल्ली ते दौलताबाद चाळीस दिवसांची वाट, दुतर्फा झाडं, बागेतून चालल्यासारखं वाटावं अशी. आणि प्रत्येक मैलाला डाकेच्या तीन चौक्या. तुघलकाला लोक हसतात ते हसोत, टूरिंग कशाला म्हणतात हे त्या माणसाला ठाऊक होतं. मी मनाशी ठरवलं की आपणही हा प्रवास करायचा, उलट्या दिशेनं. दौलताबाद ते दिल्ली, झाडं असोत नसोत. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तो पण परतच गेला होता ना तिकडं?"

डांबरगोळ्या झाल्या, तंबाखूच्या पुड्या झाल्या (त्या उंदरांनी नाही, दुसऱ्याच कुणीतरी संपवल्या), शेवटी मांजर आली. करड्या रंगाची, कुणाचीच नव्हे अशी. उंदीर गेले हे कबूल करतो. पण गाडी आली की इंजिन गरम आणि सीट मऊ, हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. सीटवर आता नखांच्या बारीक रेषा आहेत. पुण्याच्या सर्व्हिस सेंटरच्या मुलानं त्या बघून विचारलं, "सर, रेसिंग ग्रिप लावून घेतलीत का?" मी हो म्हणालो.

यंदा नोव्हेंबरात निघायचं पक्कं झालं. टायरची हवा बघितली, कूलंट बघितलं, चेन धुतली. पेट्या गाडीवरून उतरवून पडवीत ठेवल्या आणि भरायला घेतल्या. सामानाच्या बाबतीत मी आता फार काळजी घेतो. मागं एकदा कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या अलीकडं पंक्चर झालो, पेटी उघडली, आणि पंक्चर किटच्या जागी बहिणीला द्यायच्या कुरडया निघाल्या. किल्ल्यावरचे गाइड रोज सांगतात ना, अल्लाउद्दीन खिलजीनं 1296 साली वेढा घातला, आतल्या लोकांनी गडावर धान्याच्या म्हणून गोण्या चढवल्या आणि उघडल्या तर आत मीठ. गडावरच्या रामदेवराय राजाला तेव्हा काय वाटलं असेल ते मला चाळीसगाव रस्त्यावर कळलं. म्हणून या वेळी यादी केली. पंक्चर किट तळाशी, त्यावर हत्यारं, त्यावर दिल्लीच्या थंडीसाठी बायकोनं दिलेला जाड स्वेटर, सगळ्यात वर यादी. झाकण सकाळी लावू म्हटलं, दाढीचं सामान राहिलं होतं.

पहाटे पाचला टॉर्च घेऊन पडवीत आलो. यादी फरशीवर पडली होती. पेटीत, स्वेटरवर, करडी मांजर आडवी झाली होती आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं, डोळे मिटलेली, एकावर एक. मांजरीनं माझ्याकडं बघितलं. तिला काही सांगायचं होतं असं नाही.

आई मागून आली. "हात लावू नको रे. आपली आपण नेती ती. सात घरं फिरवती मांजर पिल्लांना."

"हे कितवं?"

"आधी माळ्यावर होती. मंग सरपणात. हे तिसरं."

खाटेवरून अण्णांचा आवाज आला. झोप लागलीच नव्हती वाटतं त्यांना. "म्हणजे चार राहिले अजून."

मी जॅकेट काढून खुंटीला लावलं आणि पातेलं घेऊन दूध आणायला निघालो. चालतच.