गिअर आणि भावकी

आमच्या भागात माणूस गाडी स्वतःसाठी घेतो, हा समज शोरूमवाल्यांनी पसरवलेला आहे. बारामती ते इंदापूर या पन्नासेक किलोमीटरच्या पट्ट्यात चारचाकी एकाच्या नावावर असते आणि वीस जणांनी ती हिशेबात धरलेली असते. आरसी बुकावर नाव एकाचं, हप्ता त्याचाच, विमाही त्याचाच. पण लग्नसराई लागली, की त्या गाडीच्या तारखा गावाला आधी माहीत असतात आणि मालकाला नंतर कळतात.

त्यामुळे नवी छोटी गाडी घ्यायची ठरली आणि ‘गिअरची की ऑटोमॅटिक?’ असा प्रश्न निघाला, तेव्हा तो वरवर यंत्राचा दिसत असला तरी भावकीचा होता. दिवाळीत निघालेला विषय संक्रांतीपर्यंत चालला. दरम्यान कारखाने सुरू झाले, ऊस गेला, पहिली उचलही जमा झाली. आमचं काही ठरेना.

बायकोला ऑटोमॅटिक हवी होती. तिची नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत. संध्याकाळी भिगवण चौकात अडकलं की पहिला गिअर, न्यूट्रल, पुन्हा पहिला, पुन्हा न्यूट्रल. “घरी येते तेव्हा उजवा पाय माझा असतो आणि डावा क्लचचा,” असं ती म्हणायची. यावर आमच्या थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे तात्यांनी, ओसरीवरून मत दिलं, “देहूपासून पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांचं पाय दुखत न्हाईत, अन् तुमचा बसल्या जागी दुखतोय?” ती म्हणाली, “तात्या, त्यांच्या पायात क्लच नसतो.” तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. आमच्याकडे मुद्दा बिनतोड निघाला की तंबाखू निघते.

तात्यांचा पहिला आक्षेप पेट्रोलचा. “ऑटोमॅटिक लई पिती.” एके काळी हे खरं होतं. परदेशात ऑटोमॅटिक फार जुनी. जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मॉडेलमध्ये हायड्रा-मॅटिक गिअरबॉक्स दिला, तेव्हापासून अमेरिकेने डावा पाय हळूहळू पेन्शनीत काढला. पण त्या जातीच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाची ताकद तेलातून फिरून चाकाकडे जायची, त्यात इंधन वाया जायचं आणि किंमतही वाढायची. आपल्याकडे कित्येक वर्षं तो मुख्यतः मोठ्या गाड्यांचा शौक राहिला. २०१४ च्या फेब्रुवारीत दिल्लीजवळच्या ऑटो एक्स्पोत मारुतीने सेलेरिओ आणली आणि छोट्या गाडीतला ऑटोमॅटिक गिअर सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. त्यातली युक्ती साधी होती. गिअरबॉक्स नेहमीचाच, क्लचही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर पाडायला एक यंत्र बसवलेलं, कंप्युटरच्या हुकमावर चालणारं. ते यंत्र इटलीच्या मॅग्नेती मारेल्ली कंपनीचं होतं. थोडक्यात, गाडीत एक ड्रायव्हर आधीच बसलेला असतो, तो दिसत नाही आणि चहा मागत नाही. गिअरच्या गाडीपेक्षा पन्नास हजारांच्या आसपास जास्त मोजायचे, आणि मायलेज जवळपास तेवढंच.

हे मी ब्रोशर उघडून तात्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि म्हणाले, “कागदावर ऊसबी एकरी शंभर टन निघतोय.”

मग त्यांनी इतिहास काढला. तात्यांची पहिली गाडी जुनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी. तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. तो कसा टाकायचा हे ते आजही हवेत हात फिरवून दाखवतात आणि समोरच्या माणसाने पाहिलं नाही तर पुन्हा दाखवतात. त्यांचं म्हणणं असं, की वालचंदशेठ म्हणजे आपल्या तालुक्याचा माणूस. त्यांनी गाडी काढली ती गिअरची, मग आपण कोण शहाणे? आता वालचंद हिराचंद हे मूळचे सोलापूरचे. पण इंदापूर तालुक्यातल्या माळावर त्यांनी उसाचे मळे आणि साखर कारखाना उभा केला, गावच वसवलं, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सही काढली, हे खरंच. वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रं आणि त्यांचे अजस्र गिअरबॉक्स बनत आले, हेही खरं. त्यामुळे आमच्या तालुक्यात गिअरला तसं माहेर आहे. पण शेठ १९५३ साली वारले. आज असते तर त्यांनी क्लच ठेवला असता की काढला असता, हे तात्यांनी परस्पर ठरवलेलं मला पटेना.

बायकोने बारामतीचा दाखला दिला. “आमच्या एमआयडीसीत पियाजिओची व्हेस्पा २०१२ पासून बनते. तिला कुठे गिअर आहे? आणि तुमच्या चेतकचा गिअर हातात होता ना? तो गेला तेव्हा कोण रडलं?” तात्या म्हणाले, “मी.” आणि ते खरं असावं, कारण चेतक अजून गोठ्याच्या मागे गोणपाटाखाली आहे.

शेवटी टेस्ट ड्राइव्ह घ्यायची ठरली. बारामतीच्या शोरूममध्ये मी, बायको, तात्या आणि चुलतभाऊ असे चौघे गेलो. चुलतभावाला न्यायचं कारण, गावातला सगळ्यात पट्टीचा ड्रायव्हर तोच. त्याचं शिक्षण ट्रॅक्टरवर झालेलं. आमच्याकडची पोरं एबीसीडीच्या आधी गिअर शिकतात: आठ पुढचे, दोन मागचे, शेजारी हाय-लोची वेगळी दांडी. ज्याने चिखलातून उसाची भरलेली ट्रॉली काढली, त्याला पाच गिअरची गाडी म्हणजे खेळणं.

तो ऑटोमॅटिकमध्ये बसला. शोरूममधला पोरगा मागे, आमच्या मध्ये. गाडी सुरू झाली, मुंगीच्या पावलाने पुढे सरकली, रस्त्याला लागली. चुलतभाऊ खूश. मग समोर गतिरोधक आला. त्याच्या डाव्या पायाने आयुष्यभर जे केलं तेच केलं: क्लच समजून खच्चून दाबलं. क्लच नव्हताच. होता तो भलामोठा रुंद ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी राहिली. आम्ही राहिलो नाही. तात्यांची टोपी डॅशबोर्डवर गेली. शोरूमच्या पोराने पुढच्या सीटला मिठी मारली आणि तशाच अवस्थेत म्हणाला, “सर, डावा पाय वापरायचाच नाही.” चुलतभावाने मागे वळून विचारलं, “मंग त्याचं करायचं काय?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. परतीच्या वाटेत तो डावा पाय मांडी घालून वर घेऊन बसला, त्याला गप्प ठेवायला.

माझी बाजू उसाच्या हंगामाची होती. नोव्हेंबर लागला की आमच्या रस्त्यांवर डबल ट्रॉल्या सुरू होतात. भवानीनगरचा छत्रपती, बारामती तालुक्यातले माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूरकडचा कर्मयोगी. ज्या कारखान्याचा ऊस, त्या वाटेने. ट्रॉलीवर मोळ्या इतक्या रचलेल्या, की मागचा दिवा, असलाच तर, वाढ्यांच्या झिपऱ्यांमागे. रात्री ट्रॉली आधी ऐकू येते आणि मग दिसते, कारण ट्रॅक्टरच्या टपावर लग्नाच्या मांडवात शोभतील एवढे कर्णे. सणसर, बेलवाडी, लासुर्णे, जंक्शन, अंथुर्णे, निमगाव केतकी, कुठेही जा, पुढे ट्रॉली आहेच. तिला ओलांडायचं तर रस्ता मोकळा दिसताच गाडी एक गिअर खाली घेऊन झपकन निघायला हवं. त्या स्वस्तातल्या ऑटोमॅटिकचं नेमकं इथे घोडं पेंड खातं. पाय दाबला, की ती क्षणभर थांबते, क्लच सोडते, गिअर शोधते. ‘साहेबांना विचारून सांगतो’ म्हणणाऱ्या कारकुनासारखी. तेवढ्यात समोरून रिकामी ट्रॉली येते. हाताने गिअर पाडायची सोय तीतही असते, पण मग जास्तीचे पन्नास हजार कशाला मोजायचे?

हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. बायको शांतपणे म्हणाली, “मग ओव्हरटेक करूच नका. पुढे दुसरी ट्रॉली आहेच.”

मी बॅटरीवर गेलो. गिअरच्या गाडीची बॅटरी उतरली तरी तिच्यात थोडा जीव असेपर्यंत माणूस अडत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या भरावावर चार जण मागे लावायचे, किल्ली चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. एक हिसका, आणि इंजिन सुरू. ऑटोमॅटिक मात्र ढकलत इंदापूरला नेली तरी सुरू होत नाही. बायकोने विचारलं, “बॅटरी उतरते कशाने?” मी म्हटलं, “कुणीतरी लग्नाला नेतं आणि दिवे चालू ठेवतं.” ती म्हणाली, “तेच म्हणते मी.”

तिथे तिने हुकमाचं पान टाकलं. पाय दुखतो हे खरं होतं, पण ते दुय्यम. “ऑटोमॅटिक घेतली,” ती म्हणाली, “तर कुणाला चालवता येणार नाही. आणि चालवता येणार नाही, तर कुणी मागणार नाही. गाडी आपल्या दारात राहील.” ओसरीवर इतकी शांतता पसरली, की गोठ्यातली म्हैस रवंथ करताना ऐकू येऊ लागली. तिने पुढे माहितीही काढून ठेवलेली. इंग्लंडमध्ये ज्याने ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, त्याला गिअरची गाडी चालवायची परवानगीच नसते. आपल्या लायसन्सवर गिअरचा आणि बिनगिअरचा भेद फक्त दुचाकीला. मोटारीला एकच शिक्का, सगळ्यांना सगळं चालतं. “आपल्याकडे उलटा कायदा हवा होता,” ती म्हणाली. “गिअरवर शिकलेल्याने दुसऱ्याच्या ऑटोमॅटिकला हात लावायचा नाही.” तात्यांनी तंबाखूचा डबा उघडला आणि तसाच मिटला. एवढा मुद्दा त्यात मावणार नव्हता.

गंमत म्हणजे मला गिअरची गाडी हवी होती तीही याच कारणासाठी.

आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना, म्हणजे आबांना, एका रात्री छातीत दुखू लागलं, तेव्हा मी पुण्यात होतो. आमच्या घरात त्या वेळी गाडी नव्हती. शेजाऱ्यांच्या दारात होती, पण शेजारी स्वतः लग्नाला गेलेले. चुलतभावाने त्यांच्या घरी जाऊन एवढंच विचारलं, “किल्ली कुठंय?” खुंटीवर होती. ती गाडी त्याने आधी कधी चालवली नव्हती. बसला, पहिला टाकला आणि आबांना बारामतीच्या दवाखान्यात वेळेत पोचवलं. आबा आज हिंडतात, फिरतात आणि ऑटोमॅटिकच चांगली असं मला एकट्यात सांगतात. पण त्या रात्री त्या गाडीत क्लच नसता, तर रस्त्यावरच्या पहिल्याच गतिरोधकाला काय झालं असतं, ते मी शोरूमच्या गाडीत पाहिलेलं आहे. शहरात रात्री फोन केला की परकी गाडी दारात येते. वस्तीवर शेजाऱ्याची येते, आणि ती जो जागा असेल तो चालवतो. अशा ठिकाणी गाडी कुणालाही चालवता यावी, हा तिचा मायलेजपेक्षा मोठा गुण.

हे सांगितल्यावर बायको थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “रात्री-अपरात्रीला कोण नाही म्हणतंय? मी एकवीस माणसं कोंबून जेजुरीला नेणाऱ्यांबद्दल बोलतेय.” एकवीस हा आकडा तिने रागात वाढवलेला असला, तरी कोणाबद्दल बोलतेय हे ओसरीवरच्या सगळ्यांना कळलं. चुलतभाऊ उठून वैरण टाकायला गेला.

तडजोड झाली ती अशी. गाडी गिअरची घ्यायची. वाचलेल्या पन्नास हजारांतून आधी भिगवण चौकाने दमवलेल्या गुडघ्यावर उपचार करायचे. पालखीच्या दिवसांत वाहतूक आमच्या वस्तीवरून वळवतात. तेव्हा गाडी मी चालवायची, आणि काटेवाडीचं मेंढ्यांचं रिंगण बघायला जायचं तर दुचाकीवर. आजारपणाला गाडी कुणालाही, केव्हाही, न विचारता. बाकी सगळ्या कामांना वही. वहीत नाव, काम, जाताना पेट्रोलचा काटा, येताना पेट्रोलचा काटा आणि सही. वहीचा कारभार तिच्याकडे.

परिणाम विलक्षण झाला. ज्या मंडळींनी ऊस उत्पादकांच्या मागणीसाठी कारखान्यापुढे ठिय्या दिला, ती आमच्या ओसरीवर सहीसाठी रांगेत उभी राहते. जेजुरी बंद झाली. गाडी धुऊन परत येते. एकदा तर काटा जाताना होता त्याच्या वर होता. तात्यांनी त्याचं श्रेय क्लचला दिलं. सगळ्यात जास्त वचक तात्यांवरच बसला. परवा ते दाराशी येऊन तिला म्हणाले, “सूनबाई, तासाभराकरता जंक्शनपर्यंत जाऊन येऊ का?” तिने वही पुढे केली आणि विचारलं, “काम?” तात्या म्हणाले, “गिअर टाकायचा लई दिवस झाला.” तिने ते तसंच्या तसं ‘काम’ या रकान्यात लिहून घेतलं आणि किल्ली दिली.

कंपनी गाडीबरोबर दोन किल्ल्या देते. एक त्या वहीजवळ खिळ्याला असते, आजारपणासाठी सगळ्यांना दिसेल अशी. दुसरी कुठे आहे, ते भावकीला माहीत नाही. मी विचारलं, तर मला वहीत नाव लिहायला सांगितलं.