अ‍ॅडलेड, मार्गे कागल

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या माणसाला त्या पाच ताऱ्यांचा खुलासा जन्मभर करत बसावं लागतं. पुण्याच्या पाहुण्यांना वाटतं, आत पोहायचा तलाव असेल. आत फौंड्र्या आहेत, मशीन शॉप आहेत, कापडाचे कारखाने आहेत आणि वारा फिरला की जळक्या वाळूचा वास आहे. तारे आहेत ते एमआयडीसीच्या वर्गवारीतले. जागा मोठी, रस्ते रुंद, पाणी-वीज जागेवर, एवढाच त्यांचा अर्थ. हे सगळं मला ऑस्ट्रेलिया सरकारलाही कळवावं लागलं. अनुभवाच्या दाखल्यावर ‘फाइव्ह स्टार’ वाचून आमच्या एजंटानं पहिलाच प्रश्न टाकला होता, “सर, प्रॉडक्शन म्हणजे किचन प्रॉडक्शन का?” शेफ हा ऑस्ट्रेलियाच्या यादीतला स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यातून माणूस कोल्हापूरचा. एजंटाच्या डोळ्यांसमोर तांबडा-पांढरा तरळला असणार, त्याला तरी काय बोलायचं.

मी प्रॉडक्शन इंजिनिअर आहे आणि 190 नंबरच्या व्हिसाची वाट बघतोय. हा नंबर सांगितला की आमच्याकडं लोक एसटीचा समजतात. कायम राहण्याचा व्हिसा देणार तिथलं केंद्र सरकार, पण त्याआधी तिथल्या एखाद्या राज्यानं “हा गडी आम्हाला पाहिजे” असं म्हणायचं. मग त्या बदल्यात आपण निदान दोन वर्षं त्याच राज्यात राहायची कबुली द्यायची. मी साउथ ऑस्ट्रेलिया धरलं आहे, म्हणजे अ‍ॅडलेड. आबांना अ‍ॅडलेड माहीत आहे. डिसेंबर 2020 मध्ये आपली टीम तिथं 36 धावांत गारद झाली, तेव्हापासून ते त्या गावाचं नाव घेत नाहीत. “जगात एवढी गावं पडल्यात, तुला तेच सापडलं?” एवढं बोलून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

या व्हिसाला गुण लागतात. वय 25 ते 32 असेल तर 30. पदवीचे 15. मागच्या दहा वर्षांतला आठ वर्षांचा अनुभव असेल तर आणखी 15. आयईएलटीएसमध्ये चारही भागांत सात मिळाले म्हणून 10. बायकोचं इंग्रजी बरं आहे म्हणून 5. (बरं म्हणजे तिला माझ्यापेक्षा जास्त मिळाले. हा विषय घरात कुणी काढत नाही.) अर्ज करायला 65 पुरतात, पण 65 वर अर्ज करणं म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला नवरात्रात अष्टमीला जाणं. रांगेत उभं राहता येतं, इतकंच.

आणि मराठीचे 5.

हे ऐकून आमच्या गल्लीत कुणाचा विश्वास बसला नाही, पण आहे खरं. तिकडच्या दुभाष्यांच्या संस्थेची एक परीक्षा असते आणि तिच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. इंग्रजी आणि मराठी माणसातली दोन संभाषणं ऐकवतात, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं तोंडी सांगायचं. पास व्हायला 90 पैकी 63 लागतात. यादीत कन्नडही आहे. कागलवरून पुढं कोगनोळी लागली की कर्नाटक. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून ज्या सीमाप्रश्नावर मोर्चे झाले, महाजन आयोग झाला, जो 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, तो ऑस्ट्रेलियानं दोन्ही भाषांना सारखेच पाच गुण देऊन आपल्यापुरता मिटवून टाकला. निपाणीच्या माणसाला दोन्ही येत असल्या तरी पाचच. त्यावर कुणी बंद पुकारल्याचं ऐकिवात नाही.

सरावाला आईला बसवलं. ती मराठी पेशंट, मी इंग्रजी डॉक्टर आणि मीच दुभाषा. परीक्षेत एका वेळी जास्तीत जास्त 35 शब्द बोलतात, हे तिला आधी सांगितलं होतं. मी विचारलं, पोटात कधीपासून दुखतंय?

“आक्काच्या नणंदंच्या लग्नात जेवले न्हवं, तवापासनं. आन जेवण तरी कसलं, मसालेभात गिचका, जिलबी आदल्या दिशीची. मी म्हटलं बी, आगं पाव्हणं वाढायला तरी नीट ठेवा, तर ती मलाच म्हनती...”

पाव्हणे, जिलबी, आचारी, मांडववाला आणि 1998 सालचा एक जुना हिशेब, सगळं येऊन गेलं. पोट परत आलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘पोटदुखी, लग्नापासून.’ परीक्षेतला पेशंट मात्र फारच शहाणा निघाला. विचारलं तेवढंच बोलायचा. मी सहज पास झालो. तेव्हापासून माझं मत आहे की आईबरोबर एक महिना काढलेल्या माणसाला हे 5 गुण परीक्षेशिवाय द्यावेत.

खरी गंमत अनुभव सिद्ध करण्यात आहे. माझी पहिली नोकरी उद्यमनगरात, एका छोट्या वर्कशॉपात. कुठल्या पदावर काय काम केलं ते लेटरहेडवर मुद्देसूद लिहून पाहिजे होतं. शेठनी चष्मा चढवला आणि माझा मसुदा बोट ठेवून वाचला. उत्पादनाचं नियोजन केलं. मशीनची मांडणी ठरवली. मालाची तपासणी केली. कामगारांना शिकवलं.

“हे समदं तू केलंस?”

“हो, शेठ.”

“आन मी काय करत हुतो?”

“तुम्ही मालक होता.”

“मग त्ये बी लिव्ह की. खाली लिव्ह, मालकानं पगार येळंवर दिला.”

तसं लिहिलं. मला वाटलं, एजंट ते वाक्य खोडेल. तो उलट खूश झाला. शेठ पगार पाकिटातून द्यायचे, बँकेत त्याचा मागमूस नव्हता. पगार मिळाल्याचा लेखी म्हणावा असा तेवढाच पुरावा होता.

मग इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया, इंजिनिअरांची पारख करणारी तिकडची संस्था. त्यांना आपल्या कामाच्या तीन हकिकती लिहून द्यायच्या असतात आणि अट अशी, की प्रत्येक वाक्यात ‘मी’ पाहिजे. ‘आम्ही’ लिहिलं की त्यांना शंका येते, हा नुसता बाजूला उभा होता की काय. उभ्या जन्मात मी कामाबद्दल ‘मी’ म्हणून बोललो नव्हतो. एमआयडीसीत ‘मी’ फक्त चूक कबूल करताना वापरतात, तेही साहेब समोर असला तर.

एक हकिकत होती ब्लोहोलची. एका हाउसिंगच्या कास्टिंगला आतून बारीक भोकं पडत होती. मशीनिंगला गेलं की उघडी पडायची, लॉटच्या लॉट परत. मी तक्ते भरले, वितळलेल्या धातूचं तापमान नोंदवलं, आलेख काढले. आमचा जुना मोल्डर तीन दिवस हे बघत होता. चौथ्या दिवशी त्यानं कन्व्हेयरवरची वाळू मुठीत घेतली, करकचून दाबली, मूठ उघडली. वाळूचा गोळा झाला होता, त्यावर बोटांचे ठसे उठले होते. दोन्ही हातांनी त्यानं तो मधोमध मोडला आणि मोडलेली कड माझ्या नाकासमोर धरली. “सायब, वल्ली हाय. मिक्सरचं पाणी कमी करा, आन साच्याला वाऱ्याची भोकं वाढवा.” लॅबमध्ये ओलावा तपासला तर खरंच जास्त निघाला. त्या मोल्डरचं शिक्षण नववी. हकिकतीत मी लिहिलं, ‘मी वाळूतील आर्द्रतेचं विश्लेषण केलं, मी मूळ कारण शोधलं, मी सुधारणा अमलात आणली.’ त्याला वाचून, अर्थ सांगून दाखवलं. तो म्हणाला, “बराबर हाय. मुठीचं तेवढं लिवू नगा, त्यास्नी कळायचं न्हाई.” ओतकामाचे कारागीर तिकडंही लागतात. पण वय 45 च्या आत पाहिजे. त्याची पन्नाशी उलटली आहे, तेव्हा ती मूठ कागलातच राहील आणि आलेख अ‍ॅडलेडला जातील, असं ठरलं आहे.

जातील तेव्हा तिथं काय आहे, तेही बघून ठेवलंय. अ‍ॅडलेडजवळ एलिझाबेथला होल्डनचा मोटारींचा कारखाना होता. 20 ऑक्टोबर 2017 ला तो बंद पडला. त्याच महिन्यात टोयोटानंही मेलबर्नजवळचा आपला कारखाना गुंडाळला, त्याआधी फोर्ड गेली होती, आणि त्या देशात मोटारी बनणंच संपलं. म्हणजे ज्याचं सगळं आयुष्य गाड्यांच्या भागांत गेलं, तो माणूस गाड्या बनणं थांबलेल्या राज्यात गुणांच्या जोरावर निघाला आहे. तिथं ऑस्बोर्नच्या गोदीत जहाजं बनतात, पाणबुड्यांचंही मोठं काम आहे, पण संरक्षणाच्या कामाला बहुतेक वेळा नागरिकत्व मागतात. मी हे आबांना सांगितलं नाही. ते 36 वरच थांबलेले बरे.

अर्ज टाकून झाला की वाट बघण्याला सुरुवात होते, आणि ती वेळापत्रक धरून बघावी लागते. अ‍ॅडलेडचं घड्याळही आपल्यासारखंच अर्ध्या तासाच्या हिशेबात बसतं, बरोबर चार तास पुढं. उन्हाळ्यात ते घड्याळं पुढं ढकलतात, मग पाच तास. म्हणजे त्यांच्या थंडीत तिथलं सरकार आपल्या पहाटे पाचला उघडतं आणि दुपारी एकला बंद होतं. मी पाचला उठून मेल बघतो, पहिल्या पाळीला जातो, चहाला बघतो, जेवणाच्या सुट्टीत शेवटचं बघतो. एकनंतर माझा जीव मोकळा होतो. आमच्या खात्यातले लोक रजेचा अर्ज दुपारी दोननंतर आणतात, त्यांना कारण माहीत नाही, अनुभव आहे. 26 जानेवारी हा तिकडंही राष्ट्रीय सुट्टीचा दिवस. दोन्ही सरकारं एकदम बंद असतात. त्या दिवशी मी आठपर्यंत झोपतो.

फॉर्मही भरून ठेवायचे असतात. 80 नंबरचा एक आहे, चारित्र्याचा. त्यात दहा वर्षांतले सगळे पत्ते लिहायचे, मध्ये एकही महिना मोकळा सोडायचा नाही. आमचा पत्ता ‘गैबी चौकातून आत, पिठाच्या गिरणीला लागून’. पुढं प्रश्न आहे, शस्त्रं चालवण्याचं शिक्षण घेतलंय का? शाळेत असताना मी मर्दानी खेळात होतो. दांडपट्टा धरायचा का सोडायचा, यावर एजंटानं दोन दिवस विचार केला.

इकडं घर मात्र खुंटीला टांगलं आहे. मोरीची फरशी उखडली आहे. आता कशाला, जायचंच आहे. गाडीचा विमा एकाच वर्षाचा. पोरीला कुठल्या शाळेत घालायचं, यावर बोलणंच बंद. आणि पाहुण्यांनी सामान वाटून घेतलंय. बुलेट मावसभावाची, कपाट आत्याचं, फ्रिज धाकट्या चुलतभावाचा. बायको फ्रिजचं दार जरा जास्त वेळ उघडं ठेवून उभी राहिली, तर तो कळवळतो, “वैनी, लाव की त्ये, काम्प्रेसर जाईल.” परवा त्यानं फ्रिजला स्टॅबिलायझर आणून बसवला, स्वतःच्या पैशानं. आईनं त्याला बसवून विचारलं, “आमास्नी बी कुणी वाटून घेतलंय का?” तो नको म्हणाला.

अशात माझा तेहतिसावा वाढदिवस आला. तेहतीस म्हणजे वयाचे 30 गुण जाऊन 25. व्हिसाचं बोलावणं आलेल्या दिवसाचं वय धरतात, आणि बोलावणं काही आलं नव्हतं. मराठीनं मिळवून दिलेले पाच वयानं परत नेले. रात्री बारा वाजता केक आला, तेव्हा सगळे माझ्याकडं दहावीला एटीकेटी लागलेल्या पोराकडं बघावं तसे बघत होते. आत्या म्हणाली, “एक वरीस थांबून केला असता वाढदिवस, तर काय बिघडत हुतं?”

सकाळी एजंटाला फोन केला. त्यानं पुन्हा आकडेमोड केली आणि सहज विचारलं, “मिसेस काय करतात?”

म्हटलं, नर्स आहे, कोल्हापुरात दवाखान्यात.

पलीकडं बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “सर, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?” त्यानं विचारलं नव्हतं, हे मी सांगितलं नाही. नर्सेस तिकडच्या सगळ्या राज्यांना पाहिजेत. बायको तिशीत, इंग्रजी माझ्याहून सरस. आता अर्ज तिच्या नावानं करायचा, आणि माझी जागा तिच्यामागून येणाऱ्या कुटुंबात, पोरीच्या वरच्या ओळीत. आबांनी टीव्ही बंद करून हे ऐकलं, जे ते सहसा करत नाहीत. “म्हणजे सून नेणार तुला?” “हो.” “ने गं बाई,” ते तिला म्हणाले, “ह्याच्या भरवशावर न्हाई व्हायचं.”

बायकोनं दोन दिवसांची रजा टाकली आणि कामाला लागली. तिच्या दाखल्याला दवाखान्यातून शिक्क्यासकट उत्तर आलं, कुणी कुणाला काय करत होता म्हणून विचारलं नाही. राहिले मराठीचे पाच. माझे तिला चालत नाहीत, अर्ज करणाऱ्यानंच मिळवायचे असतात. पुन्हा आईला बसवलं. पोटात कधीपासून दुखतंय, म्हणून बायकोनं विचारलं. लग्न, जिलबी, आचारी, 1998, सगळं परत निघालं. बायकोनं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं, ‘पेशंटला अपचन झालं आहे आणि नातेवाइकांवर राग आहे.’ एवढी वर्षं सासूचं ऐकून घेतल्याचा फायदा.

आई खूश झाली. मग तिनं विचारलं, “ह्याचं गुण किती?”

“पाच.”

“मला का तिला?”

“तिला.”

आईनं पदर खोचला. “बोलायचं मी, आन गुण हिला? बरं, इचार पुढचं. पर आता थोडक्यातच सांगणार. पाच गुणांत एवढंच बसतंय.”