चायनामनचा मळा

"काकू, ऐकलंत का? मागच्या गल्लीत बांधकाम चाललंय ना, तिथली तांब्याची वायर गेली काल रात्री. पोतं घेऊन भंगारवाल्याकडे निघालेला पोरगा सापडला. चाकणला कंत्राटी होता म्हणे, दोन महिने घरीच बसून."

"तरीच! हे सकाळपासून म्हणतायत, असल्यांना काळ्या पाण्यावरच धाडायला हवं."

"काकांना म्हणावं, आपले तिकडे धाडले की तिकडचे इकडे येतात."

"ते कसं गं?"

"महाबळेश्वरला चायनामन धबधबा आहे ना? मला वाटायचं, साहेबानं उगाच ठेवलं असेल नाव. तर तिथं खरेच चिनी होते, काकू. कैदी! सिंगापूर, पेनांग, मलाक्का इकडे चोऱ्यामाऱ्यांत सापडलेले चिनी नि मलायी. जहाजात घालून आणले आणि चढवले घाटावर."

"अगं बाई! आणि आपले?"

"आपले सिंगापूरला, 1825 पासून. तुमचा धाकटा तिथंच आहे ना? विचारा त्याला, सेंट अँड्र्यूज चर्च पाहिलंय का. आपल्याकडून नेलेल्या कैद्यांनी बांधलंय ते. राष्ट्राध्यक्षांचा तो वाडा, इस्ताना, तोसुद्धा."

"आणि हा मला फोटो पाठवतो, बघ आई काय देश आहे!"

"समुद्र ओलांडला की जात गेली, हा आपल्या लोकांना केवढा धाक. म्हणून तर साहेबाला ती शिक्षा आवडायची. चिन्याला जातीची भीती नव्हती, पण घर सुटलंच ना. त्यात महाबळेश्वरचा पाऊस! आपण दोन दिवसांत कंटाळून खाली येतो."

"करायचे काय तिथं?"

"रस्ते खोदायचे, टोपल्या विणायच्या नि भाजीपाला लावायचा. बटाटा म्हणू नका, साहेबाच्या ताटातल्या भाज्या म्हणू नका. शे-सव्वाशे माणसं, पण हात चांगला. गावचे लोक त्यांचं बघून शिकले. धबधब्याजवळ त्यांचे मळे होते, त्यावरून ते नाव."

"आणि स्ट्रॉबेरी?"

"ती साहेबाची हौस. सगळंच नका चिन्यांच्या नावावर घालू."

"काही म्हण, चोर तो चोरच."

"असेल. पण माल्कम गव्हर्नराच्या नावानं तिथं अख्खी पेठ वसली, नि मळे पिकवणारे सगळे मिळून एक 'चायनामन'. कुणाचं नाव काय, कुणी काय चोरलं होतं, सांगतंय का कोणी?"

"सुटले कधी मग?"

"तुरुंग बंद झाला 1864 साली."

"थांब, कुकरची शिट्टी झाली... बरं, त्या पोराचं काय झालं?"

"चौकीवर बसवलाय. आई आलीय त्याची, डबा घेऊन. बाहेर उभी आहे सकाळपासून."

"अगंबाई. चहा तरी विचारला का कुणी तिला?"

"तेच सांगायला आले होते. थर्मास द्या तुमचा, आमचा फुटलाय."